एका घराला एक चिठ्ठी

तारखा आधी लिहितो. आकड्यांतल्या तारखा माझ्या अर्जांमध्ये आहेत. ते अर्ज ज्यांच्या टेबलांवर पोहोचले त्यांनी ते वाचलेले नाहीत, म्हणून येथे त्याच तारखा मी माझ्या पत्नीच्या कॅलेंडरप्रमाणे देतो. ते तिच्या चर्चचे कॅलेंडर. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी ते टांगलेले असे आणि दूध, गॅस, औषधे या सगळ्यांच्या नोंदी ती त्यावरच करी.

राखेच्या बुधवारनंतरचा (ईस्टरआधीचा उपवासकाळ त्या बुधवारी सुरू होतो) पहिला सोमवार. पत्नीच्या मानेतील गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढला व प्रयोगशाळेच्या खिडकीवर दिला. जबाबदार: खिडकीवरील कर्मचारी मुलगी.

त्यानंतरचे चार सोमवार. अहवाल नाही. जबाबदार: तीच मुलगी, आणि तिला दर सोमवारी "कल आइए" एवढेच म्हणायला शिकविणारे जे कोणी असतील ते.

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, आधीचा शुक्रवार. असा नमुना आलेलाच नाही असे सांगण्यात आले. जबाबदार: प्रयोगशाळेचे पर्यवेक्षक, ज्यांनी हे वाक्य खुर्चीवरून न उठता उच्चारले.

ईस्टरनंतरचा दुसरा मंगळवार. पुन्हा तुकडा काढला. जबाबदार: शल्यचिकित्सक, ज्यांनी मधल्या काळात एकदाही विचारले नाही की पहिल्या तुकड्याचे काय झाले.

ईस्टरनंतरचा चौथा गुरुवार. अहवाल आला. रोग छातीपर्यंत उतरलेला होता. जबाबदार: वरील सर्व, आणि रुग्णालयाचे अधीक्षक.

आगमनकाळातील, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांतील, पहिला शनिवार. पत्नीचा मृत्यू. जबाबदार: या रकान्यात मी दोन वेळा लिहिले आणि दोन्ही वेळा खोडले.

आता मी कोण, ते सांगतो. आमचे घराणे वर्ध्याकडचे. आजोबा रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले आणि बुढापारा या वस्तीत राहिले. मी अजून तेथेच, तलावामागच्या गल्लीत राहतो. मी एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक शाखेत आयुष्य काढले. बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदावर क्रमांक घालणे, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाची पोच घेणे, हे माझे काम. लोकांना ते हलके वाटे. मला ते कधीही हलके वाटले नाही. ज्या कागदाला क्रमांक नाही तो कागद अस्तित्वात नाही, आणि जो दिल्याची पोच नाही तो दिलेलाच नाही. हे मी नव्या कारकुनांना पहिल्या दिवशी सांगत असे. ते माझ्या पाठीमागे माझी नक्कल करीत, हेही मला ठाऊक होते.

पत्नी परिचारिका होती. अभनपूरच्या एका दवाखान्यात तिने नोकरी केली. रोज सकाळच्या बसने जायची, संध्याकाळी यायची. तिचे माहेर अमरावतीकडचे, मराठी ख्रिस्ती. आमचा विवाह नोंदणी पद्धतीने झाला. दोन्हीकडचे लोक रुसले. मी त्यांना कायद्याचे कलम दाखविले, तेव्हा ते अधिकच रुसले. आम्हांला मूल झाले नाही. आमच्यात एक करार होता, तोंडी, तरीही पक्का: दर रविवारी मी तिला स्कूटरवर चर्चला नेईन आणि आत जाणार नाही. समोरच्या टपरीवर मी चहा घेत वर्तमानपत्र वाचीत बसे. उपासना संपली की ती बाहेर येई आणि विचारी, "झालं का तुमचं संपादकाले पत्र?" कारण वर्तमानपत्र वाचल्यावर मी संपादकाला पत्र लिहितो, हे सर्वश्रुत होते. नाल्या, खांब, चुकीची सूची, बंद खिडक्या. त्यांतील काही छापूनही आली.

देवाबद्दल माझे काही मत नव्हते. ती तिची शाखा होती, माझी दुसरी होती.

गाठ तिला स्वतःलाच सापडली. केस विंचरताना हात थांबला. ती परिचारिका होती, तिने दोन बोटांनी ती गाठ दाबून पाहिली, हलवून पाहिली, आणि मला म्हणाली, "हलून नाही राहिली." मला त्याचा अर्थ कळला नाही. तिला कळला होता.

शंकर नगरच्या बाजूला एक मोठे खासगी रुग्णालय आहे. नाव लिहिणार नाही. ज्यांचे आहे त्यांना ते कळेलच. तेथे तुकडा काढल्यावर तो एका लहान बरणीत, औषधी पाण्यात बुडवून, रुग्णाच्या नातेवाइकाच्या हातात देतात आणि सांगतात, तळमजल्यावर प्रयोगशाळेच्या खिडकीवर नेऊन द्या. अशीच पद्धत आहे. माझ्या पत्नीच्या देहाचा तो भाग, हरभऱ्याएवढा, मी हातात धरून जिना उतरलो. बरणीवर तिचे नाव व वय लिहिलेली पट्टी होती. खिडकीवर विशी-बाविशीची एक मुलगी बसली होती. तिने बरणी घेतली आणि ट्रेमध्ये ठेवली.

मी म्हणालो, "रसीद?"

ती म्हणाली, "अभी कंप्यूटर बंद है, दादाजी. लाइट आई-गई हुई है. भरोसा रखिए, एंट्री चढ़ा दूँगी."

मी पुन्हा म्हणालो, "कागद पर लिखके दे दीजिए."

ती हसली. वाईट हसली नाही. नातीने हसावे तसे. म्हणाली, "दादाजी, इतना भी क्या! आंटी बाहर बैठी हैं, उनको घर ले जाइए न, चक्कर आ रहा होगा."

आणि पत्नीला खरोखरच चक्कर येत होती. ती खिडकीसमोरच्याच बाकावर भिंतीला डोके टेकून बसली होती. मी पोच न घेता परतलो.

जबाबदारांच्या यादीत जे नाव नव्हते, ते हे. मी. ज्याने नोकरीभर शिपायाच्या हातात शाईची बाटलीसुद्धा सहीशिवाय दिली नाही, त्याने आपल्या बायकोचा तुकडा सहीशिवाय दिला. त्या एका दुपारी मी एका माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला.

पुढे मी अधीक्षकांना अकरा पत्रे लिहिली. पहिल्या पत्राची भाषा मवाळ होती, अकराव्याची नव्हती. आरोग्य विभागाला लिहिले. उत्तर आले की संस्था खासगी असल्याने विषय त्यांच्या कार्यकक्षेत येत नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज केला. तोही त्याच कारणाने परत आला. ग्राहक आयोगापुढे दाखल करायची तक्रार मी स्वतः तयार केली, चौदा परिच्छेदांची, प्रत्येक परिच्छेदाला पुरावा. तिसऱ्या परिच्छेदाशी मी थांबलो. तिसरा परिच्छेद असा होता: अमुक दिवशी तक्रारदाराने नमुना खिडकीवर सुपूर्द केला. पुरावा या शब्दापुढची जागा कोरी होती. ती आजही कोरी आहे.

अधीक्षकांचे एकमेव उत्तर माझ्या आठव्या पत्राला आले. चार ओळींचे. त्यांच्या नोंदवहीत असा नमुना प्राप्त झाल्याची नोंद नाही. आपणाकडे पावती असल्यास ती सादर करावी. रुग्णास लवकर आराम पडो. मी ते पत्र उभ्यानेच वाचले. मजकूर अगदी निर्दोष होता. मी स्वतः अधीक्षकांच्या जागी असतो तर मसुदा असाच केला असता, हे मला त्याच क्षणी कळले, आणि त्यानंतर कित्येक दिवस मला घास गिळवला नाही.

दुसऱ्या एका डॉक्टरांना मी विचारले, पहिल्याच महिन्यात कळले असते तर? ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही. मी म्हणालो, अंदाजे सांगा. ते म्हणाले, अंदाजेही सांगता येत नाही. म्हणजे माझा अपराध किती मोठा, हेही मला कधी कळणार नाही.

आता चिठ्ठ्यांविषयी.

पत्नीच्या चर्चमध्ये अशी रीत आहे की ज्याला प्रार्थना हवी असेल त्याने ती चिठ्ठीवर लिहून द्यावी; रविवारी ती मोठ्याने वाचली जाते, नावाशिवाय, आणि सगळे मिळून त्यासाठी प्रार्थना करतात. पूर्वी वाटेल तेवढ्या चिठ्ठ्या येत. घरातल्या प्रत्येकाची वेगळी, कोणाची परीक्षा, कोणाचे गुडघे, कोणाचे स्थळ. उपासना दीड वाजेपर्यंत लांबे आणि मुले रडू लागत. म्हणून मंडळीने नियम केला: एका घराची आठवड्याला एकच चिठ्ठी. चिठ्ठ्या गोळा करण्याचे काम एका निवृत्त शिक्षिकेकडे आहे. त्यांना सगळे दीदी म्हणतात, पंचाहत्तरीचे लोकही. त्या दर शुक्रवारी घरोघर फिरून चिठ्ठ्या घेतात आणि एका जाड वहीत चिकटवून ठेवतात. नोंद ठेवण्याची ही पद्धत मला प्रथमपासून आवडली होती.

दुसऱ्या तुकड्याचा अहवाल आल्यानंतर मी पत्नीला म्हटले, चिठ्ठी मी लिहीन. देवावर माझा विश्वास नव्हता. पण जेथे अर्ज स्वीकारला जातो अशी एकही खिडकी मी सोडणार नव्हतो. विषय, संदर्भ, मग क्रमवार मुद्दे: एक, अर्जदार पत्नीने इतकी वर्षे रुग्णांची सेवा केली आहे. दोन, तिच्याकडून कोणताही दखलपात्र अपराध घडलेला नाही. तीन, विलंब तिच्यामुळे झालेला नाही. सबब तिला पूर्ण आरोग्य मिळावे. दर गुरुवारी मी नवी चिठ्ठी लिहीत असे, आणि मजकूर दर वेळी थोडा अधिक कडक होत असे.

ती वाचून हसायची. हसताना तिला मान धरावी लागे. "अहो, देवाले बी पंधरा दिवसांची मुदत देऊन राहिले का तुमी?"

"मुदत दिल्याशिवाय काम होत नाही."

"अन् नाही केलं त? वरच्या कोर्टात जासान?"

"हाव. जाईन."

"त्याच्या वर कोन बसलं आहे ते मले बी सांगजा मंग."

चिठ्ठी मी तिच्या उशीशी ठेवी. शुक्रवारी दीदी येत, तिच्याजवळ बसत, दोघी हळू आवाजात काहीतरी गात, आणि दीदी चिठ्ठी घेऊन जात. उन्हाळा असा गेला, पावसाळा असा गेला. औषधांनी तिचे केस गेले, मग चव गेली, मग आवाज बसला. पितृपक्षाच्या सुमारास तिला स्कूटरवर बसणे अशक्य झाले. त्या रविवारी सकाळी ती म्हणाली, "तुमी जा. माया जागेवर बसा. तिसरा बाक, खिडकीकडचा. जागा खाली दिसू नये."

करार मोडायला सांगणारी ती पहिली होती. मी गेलो. आत पंखे होते, प्लास्टिकच्या फुलांचे हार होते, आणि तिसऱ्या बाकावर खिडकीकडे एक जागा लोकांनी खरोखरच मोकळी सोडलेली होती. मी बसलो. गाणी हिंदीत होती, मला येत नव्हती. मग चिठ्ठ्यांचे वाचन सुरू झाले. मी सावरून बसलो. त्या आठवड्याचा माझा मसुदा विशेष चांगला झाला होता. दीदी वाचू लागल्या. कोणाचा तरी मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी चालला होता. कोणाच्या तरी डोळ्याचे ऑपरेशन होते. मग त्या म्हणाल्या:

"बूढ़ापारा से एक बहन की विनती है. उनके पति का मन कड़वा न हो जाए."

बुढापाऱ्यात त्या चर्चचे दुसरे घर नाही.

मी उभा राहिलो. उपासनेच्या मध्ये असे कोणी उभे राहत नाही, हे मला नंतर सांगण्यात आले. मी म्हणालो, "एक मिनिट. मेरी हरकत है. हमारे घर की चिठ्ठी ये नहीं है. हमने तबीयत के लिए दी थी. मजमून किसने बदला?"

सगळे वळून पाहू लागले. उपासना चालविणारे पाळक तरुण आहेत, धमतरीकडच्या खेड्यातले. ते पुस्तक हातात धरून तसेच उभे राहिले. दीदींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. शाळेत उशिरा आलेल्या मुलाकडे पाहावे तसे. "बैठ जाइए, भैया. चिट्ठी आप ही के घर की है. बाद में दिखा दूँगी."

उपासनेनंतर त्यांनी वही उघडली. माझी चिठ्ठी तेथे होती, विषय, संदर्भ, मुद्दे, सगळे. फक्त ती उलटी चिकटवलेली होती. मागच्या कोऱ्या बाजूवर पत्नीच्या हातची एक ओळ होती, दवाखान्यातल्या केसपेपरवर लिहितात तशा तिरक्या, घाईच्या अक्षरात. मी मागची पाने चाळली. सगळ्या चिठ्ठ्या तशाच होत्या. ईस्टरनंतरच्या पहिल्या चिठ्ठीपासून एकूण एक. कोठे शब्द थोडे वेगळे होते: यांचा राग उतरावा. यांना झोप लागावी. यांनी जेवावे. माझी बाजू कागदाला चिकटून वहीच्या पानाकडे तोंड करून होती. ती कोणीही कधीही वाचलेली नव्हती.

"बहनजी बोलीं, पीछे वाला पढ़ना," दीदी म्हणाल्या. "एक घर की एक ही चिट्ठी होती है. मैंने बोला भी था, अपने लिए कब लिखोगी? बोलीं, अगले हफ्ते."

मी स्कूटर कशी चालवली ते मला आठवत नाही. घरी पोहोचल्यावर मी चप्पल न काढता तिच्या खाटेशी गेलो.

"इतक्या महिन्यांत," मी म्हणालो, "एका बी रविवारी तुया तब्येतीसाठी कोनी तोंड उघडलं नाही. एका बी! तुले समजते का तू काय केलं ते? एकच चिठ्ठी होती आपली."

"माहीत आहे. म्हनूनच त." तिचा आवाज पानावर पेन्सिल घासावी तसा येत असे. "बसा. ओरडू नका, शेजारच्याले वाटन मी मेली."

"काहून केलं असं?"

"मी नर्स होती न. गाठ काय करते ते मले ठाऊक आहे. तिचं मले समजत होतं. तुमचं काय होनार, ते मातर समजून नाही राहिलं होतं." मग थोड्या वेळाने, "अन् तुमची चिठ्ठी वाचली असती त लोकं जेवाले घरी पोचले नसते."

मी हसलो नाही. तिच्यासाठी हसायला हवे होते.

त्यानंतर दर रविवारी मी तिसऱ्या बाकावर बसू लागलो. का, ते सांगतो. मी इतक्या कार्यालयांना इतकी पत्रे लिहिली. ती उघडली गेली की नाही, मला ठाऊक नाही. त्या दालनात मात्र आमच्या घराविषयीची एक ओळ आठवड्यातून एकदा मोठ्याने वाचली जात होती, आणि चाळीस-पन्नास अनोळखी माणसे ती ऐकून डोळे मिटीत होती. ते माझ्यासाठी डोळे मिटीत आहेत याचा मला संताप येई. तरीही पुढच्या रविवारी मी परत जाऊन बसत असे.

शेवटच्या महिन्यातील एका दुपारी तिने मला जवळ बोलावले. खिडकीतून ऊन आले होते, ते तिच्या पायांवर पडले होते. तिला तेवढेच ऊबदार वाटे.

"एक मागते," ती म्हणाली. "त्या पोरीले माफ करून टाका."

"कोन्या पोरीले?"

"खिडकीवरच्या."

"तिनंच हरवलं कशावरून? खिडकीवर हरवलं, का आतमधी हरवलं, का कोनं कचऱ्यात टाकलं? कोनीच कबूल करून नाही राहिलं. माफी द्याले आरोपी लागते. मी माफी कोनाच्या नावानं लिहू?"

तिने डोळे मिटले. मला वाटले झोपली.

"मंग शोधा," ती म्हणाली. "पन द्या. वचन द्या मले."

मी वचन दिले. मरणाऱ्या माणसाला दिलेले वचन कोणत्याही न्यायालयात अमलात आणता येत नाही, हे मला माहीत आहे. तरीही मी दिले.

"अन् तुमी स्वतःले बी," ती म्हणाली. पोच न घेतल्याची गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. बाकावर डोळे मिटून बसलेली असताना तिने ऐकले होते; सगळे महिने तिला ठाऊक होते. या दुसऱ्या मागणीचे वचन मी दिले नाही; आजही दिलेले नाही.

ती शनिवारी सकाळी गेली. रविवारी तिच्या चर्चमध्ये आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्याची मेणबत्ती लावली गेली. मी तिसऱ्या बाकावर होतो. कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो काढून टाकावासा वाटला; काढला नाही.

वचन पाळण्यासाठी मी शोध सुरू केला. खिडकीवर आता दुसरी मुलगी बसते. तिला आधीच्या मुलीबद्दल काही ठाऊक नाही. पर्यवेक्षक म्हणाले, ते कर्मचारी ठेकेदारीवर येतात-जातात, त्यांची यादी ठेवत नाहीत. मी म्हणालो, माणसांची यादी ठेवत नाही? ते म्हणाले, "अंकल, आप माताजी के नाम से कोई दान-पुण्य कर दीजिए, मन हल्का हो जाएगा." मी तेथून उठलो, कारण उठलो नसतो तर आवाज चढला असता, आणि आवाज न चढविण्याचे मी त्या दिवशी सकाळीच ठरविले होते.

चर्चमध्ये सगळे मिळून जी प्रार्थना म्हणतात, तिच्यात एके ठिकाणी आपण इतरांना क्षमा केली आहे असे म्हणावे लागते. त्या ओळीला मी तोंड मिटतो. खोटे निवेदन करणे मला जमत नाही. पाळकांच्या ते लक्षात आले. एकदा त्यांनी मला बाजूला घेतले.

"अंकलजी, माफी तो दिल से होती है. उसके लिए कागज नहीं चाहिए."

"ठीक है. किसके दिल को भेजूँ? पता बता दीजिए."

"प्रभु को मालूम है किसने किया."

"तो प्रभु बता दें."

त्यांनी मान खाली घातली. मला वाटले आता मला शास्त्रातले काहीतरी ऐकावे लागेल. ते म्हणाले, "ये मैं नहीं जानता, अंकलजी. जिसने माँगी ही नहीं, उसको माफी कैसे पहुँचती है, मैं सच में नहीं जानता. आपके साथ बैठ सकता हूँ."

आणि ते बसले. रिकाम्या दालनात, पंख्याखाली, बराच वेळ. जबाबदार पदावरील कोणत्याही माणसाने त्या सबंध वर्षात 'मला ठाऊक नाही' असे सरळ सांगितले नव्हते.

आमच्या घराची चिठ्ठी आता मीच देतो. घरात मी एकटा; नियमाप्रमाणे मला एक मिळते. मुद्दे, संदर्भ यांना आता माझ्याकडे काही विषय उरलेला नाही. ज्याने किंवा जिने ती बरणी हरवली, त्या माणसाला बोलण्याचे धैर्य मिळो, एवढे लिहितो. दीदी ते वाचतात. लोक डोळे मिटतात. मध्यंतरी वहीची पाने चाळताना माझ्या ध्यानात आले की आगमनकाळापासून एकही रविवार न चुकता मी त्या अनोळखी माणसासाठी प्रार्थना मागत आलो आहे. तिच्यासाठी हे करायचे राहून गेले, आणि ज्याने तिला घालवले त्याच्यासाठी मी ते करीत आहे. मला इतका राग आला की वही मी मिटून टाकली. दीदी म्हणाल्या, "क्या हुआ?" मी म्हणालो, काही नाही. शुक्रवारी त्या आल्या तेव्हा चिठ्ठी तयार होती.

याला आशा म्हणतात असे पाळक म्हणाले. मी त्या शब्दावर सही करणार नाही. घर रिकामे आहे. दुपारी स्वयंपाकघरात गेलो की मी अजूनही दोन पेले काढतो आणि एक परत ठेवतो. रविवारी मात्र मी जातो. तेथे न गेल्यास मी कोठे जाईन, ते मला सुचत नाही.

मी सत्तरी ओलांडली आहे. माझा रक्तदाब, माझी साखर, माझे डोळे, यांपैकी कोणाच्याही भरवशावर मला फार मुदत गृहीत धरता येत नाही. मी दिलेले वचन माझ्यानंतर कोणाकडे हस्तांतरित होऊ शकत नाही. मी गेलो की ते मोडले असे ठरेल. खटला मला चालवायचा नाही. माझ्याजवळ पुरावा नाही, हे रुग्णालयाने मला लेखी कळविलेच आहे, आणि मी ते मान्य करतो. भरपाई नको. कोणाची नोकरी जावी असेही मला वाटत नाही. त्या खिडकीवरच्या मुलीची तर मुळीच नाही.

म्हणून, अधीक्षक महोदय, हे बारावे पत्र मी आपल्या पत्त्यावर पाठवीत नाही. ते येथे, सर्वांनी वाचावे अशा ठिकाणी लिहीत आहे. राखेच्या बुधवारनंतरच्या सोमवारी एका स्त्रीच्या मानेचा तुकडा आपल्या इमारतीत आला होता. तो कोणाच्या हातून गेला, हे आपल्या इमारतीतील निदान एका माणसाला ठाऊक आहे. आपण एका कामाच्या दिवशी, सकाळी, जेव्हा तळमजल्यावर रुग्णांची रांग लागलेली असते, त्या रांगेसमोर उभे राहावे आणि सांगावे: तो आमच्याकडे आला होता, आणि तो आमच्याकडून हरवला. एखादे नाव सांगता येत असेल तर सांगावे. सांगता येत नसेल तर स्वतःचे सांगावे. लिफाफ्यातले उत्तर मी स्वीकारणार नाही. मी समोर उभा असेन. मला जे द्यायचे आहे ते मी तेथेच, सर्वांच्या देखत देईन. ते ज्याला द्यायचे तो माणूस मला दाखवा. उत्तर द्या.